पाच-आठ, पाच-सात

पतपेढीच्या लकी ड्रॉमध्ये पहिलं बक्षीस मिक्सर होतं.
ते रमीलाबेनला लागलं.
मला दुसरं.
रिक्षात ती माझ्या मांडीवर बसून आली
डांडिया बाजारपर्यंत.
लोक माझ्याकडे बघत होते की तिच्याकडे,
कळलं नाही.

चार महिने कपाटावर पडून होती. मग एका रविवारी
कव्हरची चेन ओढली तर
तारांवरून एक पाल सटकली,
आणि तिच्या पायांमागून
एक सूर.

फतेगंजात, सायकलच्या दुकानावर,
एल्विन मॅकवानची खोली. वय एकवीस.
रविवारी चर्चमध्ये वाजवतो, इतर दिवशी शिकवतो
सहावी-सातवीतल्या मुलांना,
आणि आता मला.
पहिल्या दिवशी त्याने कागदावर सहा रेघा ओढल्या,
त्यांच्यावर बारा टिंबं.
मला वाटलं, रांगोळी.
"पाचच सूर, आंटी. आमां भूल ना थाय."
यात चूक होतच नाही.

एकोणतीस वर्षं मी दुसऱ्यांचे हप्ते जुळवते.
सात पैशांचा फरक आला
की दिवे जाईपर्यंत थांबते.
चूक होत नाही अशी जागा
आजवर कुणी दाखवली नव्हती.

तर ती अशी: जाड तारेवर पाच-आठ,
मग पाच-सात, पाच-सात, पाच-सात,
मग परत पाच-आठ, पाच-आठ.
पुलावरून स्कूटर नेताना पुटपुटते.
खाली विश्वामित्रीत मगरी ऊन खात असतात,
त्यांनाही एव्हाना पाठ झालं असेल.

तर्जनी पाचव्यावर पहारा देते.
अनामिका, जिला अंगठीपलीकडे काही ठाऊक नव्हतं,
सातव्यावर उभी राहायला शिकली.
मधलं बोट रिकामं. सहाव्यावर काहीच नसतं.
लग्नघरातल्या एखाद्या मेहुण्यासारखं
हवेत तरंगत राहतं,
कामात असल्याचं दाखवत.
आणि करंगळी?
शाळेत वर करायची, एवढाच तिचा अनुभव.
आठवा फ्रेट तिला परगाव.
धापा टाकत पोचते तेव्हा
सूर निघून गेलेला असतो,
स्टँडवरून सुटलेल्या एसटीसारखा.

चूक होत नाही म्हणे.
तार घुरघुरते. शेजारची मध्येच बोलते.
पण खरं सांगू, कुठलाही सूर
दुसऱ्याला "तू का आलास?" विचारत नाही,
हे मला दहाव्या दिवशी ऐकू आलं,
पोळ्यांचा तवा तापत असताना.

खाली दिघेकाका राहतात.
चाळीस वर्षं लोकांच्या तंबोऱ्यांची जवारी काढून दिली,
आता स्वतःच्या कानाला यंत्र.
तिसऱ्या आठवड्यात जिन्यातून हाक आली.
दार उघडलं ते माफी मागायच्या तयारीने.
"रे आणि ध वर्ज्य केलेत ना तुम्ही?"
हो म्हणाले.
काय वर्ज्य केलंय, मलाच माहीत नव्हतं.
"चांगलं आहे. पण चौथी तार उतरलीये."
मग कानातलं यंत्र काढून
खिशात ठेवलं, आणि खाली गेले.

सोमवारी हजेरीच्या मशीनने मला ओळखलं नाही.
डाव्या हाताची तर्जनी. (उजवा अंगठा
कुकरने भाजला होता त्या वर्षी, म्हणून हीच नोंदवलेली.)
पुन्हा प्रयत्न करा.
पुन्हा प्रयत्न करा.
मागे रांग. रमीलाबेन म्हणाली, पदराला पुसून बघ.
पुसलं. फुंकर मारली.
बोटाच्या टोकाला घट्टा,
त्यावर तारेची एक आडवी रेघ,
माझ्या जन्माच्या रेघांवरून बिनदिक्कत गेलेली.

दुपारी कॉम्प्युटरवाला मुलगा आला.
"मॅडम, दुसरं बोट नोंदवू. कुठलं देता?"
मी हात पालथा केला, उलथा केला,
एकेकाचं काम आठवलं,
आणि मधलं पुढे केलं.
तेच रिकामं होतं.